खाणाऱ्याला उठवायचं न्हाई

(शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव, दुष्काळाचं साल. महिला रेशीम सोसायटीचं शेड, दुपार कललेली. सोसायटीच्या अध्यक्ष चतुराबाई बंगळूरहून आलेल्या, मित्रा नावाच्या भाचीला रेशमाच्या अळ्यांचे ट्रे दाखवतायत.)

चतुराबाई: …आन् ह्यो ट्रे तुला दावायला शेवटाला राखून ठिवलाय. बाकी अख्खं शेड झोपलंय, आन् ह्ये पैलवान बग कसे पाला ओरबाडायल्यात! वाकून कान लाव जरा. आवाज येतो.

मित्रा: आत्या, ह्या वेगळ्या काढून कुणी ठेवल्या?

चतुराबाई: कोण काढणार, आमच्या मालकानं, तुझ्या मामानं? त्येला अळी आन् शेवया सारख्याच. म्याच काढल्या. कालपास्नं समद्या दुसऱ्या मोल्टला बसल्या. तू ह्याच्यातच शिकलीस, तुला म्या काय सांगावं, पर सांगते. कात टाकायच्या आधी अळी मुंडकं वर करून गप बसती. खात न्हाई, हलत न्हाई, झोपल्यावानी. तशा समद्या बसल्या. फकस्त ह्या बहाद्दरांना झोपच न्हाई! म्या म्हणलं, ह्येला म्हणायचं जोर. ट्रे-ट्रे हिंडले, कोंबडीच्या पिसानं एकेक उचलली आन् हिथं आणून ठिवली.

मित्रा: सगळ्या ट्रेमधून?

चतुराबाई: समद्या.

मित्रा: एकाच पिसानं?

चतुराबाई: मंग काय, दर ट्रेला नवी कोंबडी कापू? कावून गं, तोंड का उतरलं तुझं? बीडपास्नं येष्टीत उभी आलीस म्हणून चक्कर यायली का? चहा ठिवू?

मित्रा: चहा नको. ह्या चमकायल्यात ना? का मलाच तसं दिसतंय?

चतुराबाई: चमकणारच की. पोटभर खाल्ल्यावर तकाकी येतीच अंगाला. तुझा बाप लहानपणी ऊसतोडीवर काकवी पिऊन आसाच चमकायचा.

मित्रा: आणि कडेकडेनं चढून हिंडायल्यात.

चतुराबाई: पाला मागायल्यात त्या! मान वर काढून मागत्यात, बग की. ह्यो ट्रे रतनला द्यायचाय. बारक्या अळ्यांचं बाळंतपण आमी सोसायटीत एकजागी करतो, मंग घरोघर वाटतो. उद्या सकाळी वाटप हाय. रतनचं ह्ये पैलं पीक. नवरा मणका मोडून खाटंवर. म्हणलं, पैल्या खेपेला तिला निवडक माल द्यावा. म्हणून तिला आजच बोलावलंय. यायलीच आसंल ती.

मित्रा: आत्या, ह्यातली एक अळी मला दे. तिचा पाय तोडून बघायचाय.

चतुराबाई: आगं ए भवाने! पाय कावून तोडायलीस? काय वाकडं केलंय तिनं तुझं?

मित्रा: एकच. तुझी शपथ, एकच.

चतुराबाई: घे माय, घे. शिकलेल्या माणसाचं काळीज दगडाचं. आं? आगं, दूध आलं की! पांढरंफेक दूध! बगितलंस, खाल्लेलं कसं अंगी लागलंय?

मित्रा: आता त्या झोपलेल्यातली एक दे.

चतुराबाई: झोपल्याल्या जिवाला? पाप लागंल गं.

मित्रा: दे ना, आत्या.

चतुराबाई: ही धर. हिच्यातनं तर नुस्तं पाणी आलं. नितळ. ही अशक्त हाय वाटतं.

मित्रा: न्हाई. ही चांगली आहे. अळीचं रक्त असं नितळच असतं. दूध निघालं की ती अळी गेली.

चतुराबाई: गेली म्हंजी? डोळ्यांसमूर खायलीय की!

मित्रा: ग्रासरी आहे, आत्या.

चतुराबाई: गप. ग्रासरी म्या बगितलीय. मागं मुक्ताबाईच्या शेडात आलती. अळ्या फुगल्या, पिवळ्या पडल्या, उलट्या लोंबायल्या, दारात नाक देववंना. ह्या तशा हैत का?

मित्रा: ते मोठ्या अळीत, आणि शेवटी. लहानपणी ती अशीच येते. कातडी चमकते, कात टाकायची वेळ आली तरी टाकत नाही, कडेला हिंडते. आणि खातच राहते.

चतुराबाई: आजारी जीव खातो व्हय? बैलाला ताप आला की पैल्यांदा वैरण सोडतो. माणूस पडलं की भाकरी सरकवून देतं. आन् तू म्हणतीस ह्ये शेडातलं सगळ्यात खाणारं, त्येच आजारी! बंगळूरच्या लोकांना काय की, अळीबी उलटी दिसती.

मित्रा: म्हणून तर तू फसलीस. कुणीही फसेल. थांब, बॅगेत माझा छोटा सूक्ष्मदर्शक आहे. हा थेंब काचेवर घेतला. आता एक डोळा मीट आणि ह्यातनं बघ.

चतुराबाई: काय दिसंना. माझ्या पापण्याच दिसायल्यात.

मित्रा: जरा लांबून. हां, आता?

चतुराबाई: आगागागा! आगं, ही तर खडीसाखर! किती चकाकायलीय! एकसारखे खडे, जणू कुणी बसून पैलू पाडल्यात. काय गं ह्ये?

मित्रा: हाच तो रोग. एकेका खड्यात कितीतरी विषाणू बांधून ठेवलेत. पाल्यावरनं एक खडा पोटात गेला की तिथं विरघळतो आणि विषाणू मोकळे होतात.

चतुराबाई: हेवढे देखणे? रोग म्हणून माझ्या डोळ्यांसमूर काळं, घाण कायतरी यायचं.

मित्रा: मी पहिल्यांदा बघितले तेव्हा सरांना विचारलं, हे दागिने कुणाचे? अख्खी लॅब हसली मला. आणि आत्या, ह्या विषाणूला ना तोंड, ना पोट, ना हातपाय. त्याच्याजवळ फक्त एक गुंडाळी असते, स्वतःसारखेच आणखी कसे करायचे त्याच्या कृतीची. ती करायला लागणारं बाकी काहीच त्याच्याकडं नाही.

चतुराबाई: म्हंजी चूल न्हाई, भांडं न्हाई, सरपण न्हाई, आन् सैपाकाची कृती तेवढी तोंडपाठ.

मित्रा: अगदी तसंच. मग चूल-भांडी कुणाची वापरायची? तर अळीची.

चतुराबाई: आन् अळी वापरू देती? तिला कळत न्हाई, घरात कोण शिरलंय?

मित्रा: तीच तर त्याची हिकमत. मी तीन वर्षं तेवढंच शिकायलेय. ऐकतेस? जड वाटलं तर थांबव.

चतुराबाई: बोल की. टोळीचा मुकादम बोलायचा त्ये सुदिक समजून घेतलंय म्या, तुझं काय!

मित्रा: अळीचं अंग म्हणजे लाखो पेशी. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे सगळ्या कामांची माहिती. कात कशी टाकायची, रेशीम कसं काढायचं, सगळं. पण सगळी कामं एकदम चालू करून भागत नाही. कुठलं जनुक आता जागं करायचं आणि कुठलं झोपवायचं, हे निरोपावर ठरतं.

चतुराबाई: निरोप कुणाचा?

मित्रा: दुसऱ्या पेशींचा. एक पेशी एक प्रथिन बाहेर सोडते. ते दुसरीच्या अंगावरच्या कानात नेमकं बसतं. बसलं की आतल्या आत एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगत तो निरोप जनुकापर्यंत जातो आणि काम सुरू होतं. अळीला फुफ्फुस नसतं ना, अंगभर हवेच्या बारीक नळ्या असतात. एखाद्या भागाला हवा कमी पडली की तो भाग निरोप सोडतो, नळी इकडं वाढवा. नळीच्या पेशी ते ऐकतात.

चतुराबाई: आन् ह्यो मधीच कुठं आला?

मित्रा: त्याला पोटातनं बाकी अंगात शिरायचंय, पण मधे घट्ट पडदा आहे. तो पडदा फोडत बसत नाही. तो काय करतो, ज्या पेशीत शिरलाय तिच्याकडनं हुबेहूब तसलंच एक प्रथिन बनवून घेतो आणि बाहेर सोडतो. नळी इकडं वाढवा! नळीच्या पेशींना वाटतं, आपल्याच माणसाची हाक आहे. त्या आपली जनुकं जागी करतात आणि मधला पडदा स्वतःच सैल करतात. मग हा नळीत शिरून अंगभर फिरतो.

चतुराबाई: म्हाळू!

मित्रा: कोण?

चतुराबाई: आगं म्हाळू! आमच्या टोळीतला म्हाळू! तुझा जलम व्हायच्या आधीची गोष्ट. माजलगावच्या फडात गेलतो आमी. धरणाचं पाणी, डोक्याच्या वर ऊस, दोन हातांवरचं माणूस दिसायचं न्हाई. म्हाळू लई नकल्या. मुकादमाचा आवाज आसा काढायचा की मुकादमाची बायको फसावी. एकदा काय केलं त्यानं, उसाच्या आड बसला आन् मुकादमाच्या आवाजात वरडला, "ए, आधी म्हाळूची गाडी भरा रे! तिचा नंबर लागलाय!" झालं! अख्खी टोळी कोयते टाकून पळाली. आमी बायांनी मोळ्या डोक्यावर घेतल्या. ज्यानं त्यानं आपापला तोडल्याला ऊस म्हाळूच्या गाडीत घातला, आन् ह्यो बाभळीखाली बिडी वढीत बसलेला.

मित्रा: आणि खरा मुकादम?

चतुराबाई: तिथंच हुबा! तोंडात तंबाकूचा तोबरा, वरनं चुना जादा झालता, जीभ भाजली. हातवारे करायलाय, ऊं ऊं करायलाय. आमाला वाटलं, लवकर भरा म्हणायलाय. आमी आणीक घाई केली!

मित्रा: आत्या! आत्या, तू ही गोष्ट आधी का नाही सांगितलीस मला? दुसरी चाल नेमकी तीच आहे!

चतुराबाई: कुठली?

मित्रा: खऱ्या मुकादमाचं तोंड बंद करायची! कात टाकायची वेळ झाली की अळीच्या अंगात एक रस सुटतो. तो रस म्हणजे हुकूम. खाणं थांबवा, बसा, कात टाका. तो पेशीत पोचला की कात टाकायची जनुकं जागी होतात. विषाणूला हे परवडत नाही. अळी बसली तर खाणं बंद, वाढ बंद, मग त्याची पिल्लावळ कशावर पोसायची? म्हणून तो एक प्रथिन बनवतो, जे त्या रसाला साखरेचा एक कण चिकटवून टाकतं. बास. रस अंगात आहे, पण पेशीला ऐकू येत नाही.

चतुराबाई: तोंडात साखर कोंबली त्येच्या.

मित्रा: हो! अळीला कळतच नाही की झोपायची वेळ झाली. ती खात राहते, खात राहते. तिला वाटतं, आपण आपल्यासाठी खायलोय.

चतुराबाई: आगं माय. आन् कडंला चढत्यात त्ये?

मित्रा: तेही त्याचंच काम. शेवटी उंच जाऊन मरायचं, म्हणजे फुटल्यावर खालच्या पाल्यावर सगळीकडं सांडेल. ते नेमकं कसं करवतो, ह्यावर अजून लोक भांडायलेत.

चतुराबाई: मित्रे, त्येला शिव्या द्याव्या का पाया पडावं, कळंना बग. ना हात, ना पाय, ना आक्कल ठिवायला डोकं! आन् हेवढा कारभार? कुणी शिकवलं त्येला?

मित्रा: कुणी नाही. लाखो वर्षांत ही प्रथिनांची कृती बहुतेक किड्यांकडनंच उचलली असेल. ज्याचं जमलं तो टिकला. मला विचारशील तर मला त्याचा राग येतच नाही. येऊ नये असं नाही, पण येत नाही. रोज सकाळी लॅबमध्ये जाते आणि वाटतं, बाबा रे, अजून काय काय लपवलंयस?

चतुराबाई: तरीच लगनाचं नाव काढत न्हाईस. पर खरं सांगू? त्येच्याइतकंच मला तुझं नवल वाटायलंय. आमच्या वाड्यावरची पोर, पाचटाच्या कोपीत जलमलेली, आन् अळीच्या पोटातलं बोलणं ऐकतीस. तुझा बाप आसता तर आज गावभर सांगत हिंडला आसता.

मित्रा: रडू नको गं. आत्या, आता माझं नीट ऐक. अळ्या मोल्टला बसल्यावर पाला बंद करायचा असतो ना? मग ह्यांच्यापुढं आत्ता पाला कसा?

चतुराबाई: बंद कावून करू?

मित्रा: प्रशिक्षणात सांगितलं असेल ना?

चतुराबाई: सांगितलं की. त्यो साहेब म्हणला, शंभरातल्या नव्वद बसल्या की पाला तोडा, वरनं चुन्याची भुकटी मारा, ऱ्हायलेल्यांचा इचार करू नका. आमी बायांनी एकमेकींकडं बगितलं. त्यो गेल्यावर म्या म्हणलं, ह्ये आपल्यात व्हायचं न्हाई. आगं, फडात आमी आयुष्यभर कसं जेवलो? भाकरीचा तुकडा मोडला की गाडीचा भोंगा. तोंडातला घास थुकून उठायचं. लेकराच्या तोंडातनं वढून घ्यायचं. सोसायटी झाली त्या दिवशी पैला कायदा केला म्या, ह्या शेडात खाणाऱ्याला उठवायचं न्हाई. एक जरी तोंड हलत आसंल तरी पाला पडंल. समद्या बायांनी हात वर केले. दगडाबाई तर रडली.

मित्रा: म्हणजे ट्रेमधल्या बाकी झोपल्या तरी तुम्ही पाला टाकत राहिलात.

चतुराबाई: टाकला की. ह्या दुष्काळात, टँकरचं पाणी तुतीला घालून, आपल्या अंघोळी बंद करून टाकला. ऐन उन्हात मैलभर चालून तोडून आणला आन् टाकला.

मित्रा: आत्या.

चतुराबाई: बोलू नको. मला कळलं. जो झोपंना त्येलाच म्या पोसलं.

मित्रा: तुझी चूक नाही ती.

चतुराबाई: मंग कुणाची? म्हाळूची? आन् वरनं त्याच पिसानं समद्या ट्रेत हिंडले. आन् रतनला द्यायला निघाले, आहेर म्हणून! लेक म्हणते मी तिला.

मित्रा: ऐक तर. एक गोष्ट चांगली झालीय. उघड आजारी दिसणाऱ्या बऱ्याचशा तू स्वतःच बाहेर काढल्यास. बाकीच्या ट्रेमध्ये रोग गेलेला असेल, पण किती ते आज सांगता येत नाही. त्यांची कात पडू दे. जी अळी वेळेवर कात टाकते, तिच्यात खरा हुकूम पोचला. मागं राहिलेल्या काढून टाकायच्या. दर ट्रेमधली एक मी ह्याच्यातनं तपासते. दोन-तीन दिवस लागतील.

चतुराबाई: उद्या वाटप हाय, मित्रे. आन् उद्या सकाळीच तोडीला न्यायला वेशीत मुकादमाचा ट्रॅक्टर लागणारै. औंदा आमच्यातल्या बायांनी त्येला न्हाई म्हणलंय. पैल्यांदा न्हाई म्हणलंय! तरी त्यो हसला. म्हणला, जागा राखून ठिवतो, अळ्या मेल्या की या. आता ह्या बायांना काय सांगू? वाटप न्हाई म्हणलं की अर्ध्या जणी उद्याच कोयता उचलतील. ट्रॅक्टर काय दोन दिवस थांबतो व्हय? पोरं शाळंतनं निघतील, म्हाताऱ्या घरात एकट्या ऱ्हातील. सोसायटी मोडली म्हणून समज.

मित्रा: आणि वाटप केलं तर?

चतुराबाई: तर घरोघर मुक्ताबाईचं शेड हुईल. न्हाई, त्ये न्हाई करायचं. आगं थांब, पावलं वाजली. रतन आली. आता हिला म्या कोणत्या तोंडानं सांगू?

रतनबाई: अक्का, आले बगा. ह्यी पाटी चालंल का? चांगली धुऊन आणलीय, प्यायच्या पाण्यानं. पोरगी म्हणली, आये, आपण काय पिणार? म्हणलं, येक दिस शेजारी पिऊ. ही कोण? बंगळूरची का?

मित्रा: हो. मित्रा. जय भीम, मावशी.

रतनबाई: जय भीम, बाय. अक्का रोज तुझंच सांगती. आन् ह्ये माझे पैलवान! माय, माय, कसे खायल्यात. अक्का, तुमी रडायल्या का?

चतुराबाई: न्हाई गं. चुना गेला डोळ्यात.

रतनबाई: चुना तर पोत्यात हाय, पोत्याचं तोंड बांधलेलं. काय झालं?

चतुराबाई: मित्रे, तू सांग.

मित्रा: मावशी, ह्या अळ्यांना रोग आहे. सगळ्यात जास्त ह्यांनाच. ह्या जगणार नाहीत, आणि घरी नेल्या तर तुमचं शेडही खराब होईल. आत्यानं जाणून दिल्या नव्हत्या, तिला वाटलं ह्याच चांगल्या.

रतनबाई: चांगल्याच दिसायल्यात की.

चतुराबाई: रतन, त्या आपल्या मनानं खायनात. त्येंच्या अंगात दुसराच कुणी हुकूम सोडायलाय, आन् त्येंचा खरा हुकूम दाबून ठिवलाय. म्हाळूवानी. म्हाळूची गोष्ट ठावं हाय न्हवं तुला?

रतनबाई: माझा सासरा भरत हुता की त्येची गाडी. मरूस्तोवर शिव्या घालायचा. मंग, ज्या झोपल्यात त्येंचं काय?

मित्रा: त्यातल्या बऱ्याच उठतील असं मला वाटतं. पण खात्री देत नाही. परवा-तेरवा कळेल.

रतनबाई: मुकादम खात्री देतो.

मित्रा: कशाची?

रतनबाई: न्यायची. आणायची देत न्हाई. मागल्या बारीला नवरा पायांवर गेलता, आला त्यो बाजंवर.

चतुराबाई: रतन, माझं ऐक. त्या कोपऱ्यातले ट्रे माझ्या वाटणीचे हैत. पैल्यांदा बसलेत त्येच. उठले की तुझे. मला औंदा पीक नसलं तरी चालंल, आमचे मालक हैत, मी हाय, दोघांना कितीसं लागतं? पर तू उद्या जाऊ नको.

रतनबाई: ठिवा तुमच्याजवळ. जेवढ्या उठतील तेवढ्या समद्यांनी सारख्या वाटून घ्यायच्या. सोसायटी हाय का सोयरीक?

चतुराबाई: बायांना सांगायला लागंल. संध्याकाळी बोलावते. म्याच कायदा केलता, म्याच मोडते म्हणून सांगते.

रतनबाई: तुमी सांगू नका. तुमी रडताल, मंग दगडाबाई रडंल, मंग समद्याच. म्या सांगते. माझाच ट्रे गेलाय, माझं ऐकतील. जी थांबंल ती थांबंल. जी जाईल तिला जाऊ द्या, पर अळ्या उठल्या की तिची वाटणी ठिवायची. बाय, ह्या ट्रेचं काय करायचं?

मित्रा: लांब खड्डा करून जाळायला लागेल. आजच. पाल्यासकट.

चतुराबाई: आज? खायल्यात अजून. हेवढा पाला संपू दे त्येंचा. माझ्या हातानं न्हाई व्हायचं, मित्रे. तोंड हलायलेल्या जिवाला मी…

रतनबाई: द्या इकडं. माझे पैलवान हैत न्हवं? म्याच नेते. खड्डा कुठं काढू? बाभळीमागं?

मित्रा: हो, बाभळीमागं. आणि मावशी, नंतर हात त्या ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा, कोपरापर्यंत. पाणी वाचवू नका.

रतनबाई: अक्का, ऐकलं का? पाणी वाचवू नका म्हणती. लई दिवसांनी कुणी म्हणलं.

चतुराबाई: गेली. मागं वळून बगितलं न्हाई तिनं. मित्रे, त्या पोत्याचं तोंड सोड. चुना आण. आजपास्नं पाला बंद. जी झोपली ती झोपू दे, जी खाईल तिला… जी खाईल तिला बगू. धर, ह्या कडंनं तू मार, त्या कडंनं म्या मारते. हात हलका ठिव, अंगावर गोळा पडू देऊ नको.

मित्रा: आत्या, तुला माझा राग आला का?

चतुराबाई: तुझा? खुळी का काय! तू आज आली नसतीस तर म्या उद्या हसत-हसत समद्या गावाला रोग वाटला आसता, हळदीकुंकवावानी. राग आला त्यो त्येचाच, त्या बिनातोंडाच्याचा. त्योबी धड येईना. हुशार हाय मेला. त्येला तुझ्यासारखंच कुणीतरी पुरं पडणार. शिक, अजून शिक. त्येला ऐकू जाईल आसं बोलायला शिक.

मित्रा: तेच करायचंय. तो जी खोटी हाक मारतो, ती आपल्याला अडवता आली तर. अजून लांब आहे ते.

चतुराबाई: ऱ्हाऊ दे लांब. बंगळूर काय जवळ हाय? बोलता-बोलता निम्मं शेड चुना मारून झालं. बग, रतन आली. धुराचा वास यायलाय तिच्या अंगाला. हात धुतलेस का गं?

रतनबाई: धुतले. कोपरापस्तोर. चुना मारायलात? द्या, तिकडची फळी म्या घेते. थांबा, फोन वाजायलाय. कोण? मुकादम? … व्हय, रतनच बोलते. … न्हाई, सांगितलं न्हवं तुमाला. … आवं, अळ्या मेल्या न्हाईत, झोपल्यात. … उठतील का न्हाई त्ये मला काय ठावं. … जागा दुसऱ्या कुणाला द्या, मुकादम. … जरा हळू बोला. हिथं समद्या झोपल्यात, त्या उठूस्तोवर मला हलता यायचं न्हाई.